शेवटचं पाणी नळ्यांसाठी
ठिबकची निगा : भाग ६

मागच्या आठवड्यात वाळूच्या फिल्टरचं बॅकवॉश पाहिलं. आज हंगाम संपताना संच बंद कसा करायचा, ते पाहू.

अर्धापूरकडे हळद काढणीला आली की काही दिवस आधी पाणी तोडतात. मग पाला कापतात, नळ्या ओढून बांधावर टाकतात आणि धुण्याचं तेव्हा आठवतं. लातूरकडची गत आणखी अवघड. उन्हाळ्याच्या तोंडावर बोअर आटतो, धुवायला पाणीच उरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. तिथल्या शिवारात मार्च-एप्रिलमध्ये नळ्यांसाठी कोण पाणी देणार? म्हणून पिकाचं शेवटचं पाणी हेच नळ्या धुण्याचं पाणी, असं आधीच ठरवा.

लडाख-हिमाचलात थंडीआधी पाइप रिकामे करतात, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. फुटलेला पाइप निदान डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे पाणी वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. पाच फुटांवर १६ मिलिमीटरच्या नळ्या अंथरल्या तर एकरात साधारण २,७०० मीटर नळी लागते आणि तिच्या पोटात ४०० लिटरच्या आसपास पाणी उभं राहतं. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार धरले तरी एका भरण्यात २०० ग्रॅम होतात. ड्रिपरची वाट सुईच्या टोकाएवढी. ती बुजली हे पुढच्या पिकाचं रोप सुकल्यावर कळतं.

या क्षारांवर उपाय हायड्रोक्लोरिक आम्लाचा. आपल्याच बोअरचं १० लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. मोजून थोडं थोडं आम्ल घालत पीएच कागदावर ४ येऊ द्या. समजा २० मिली लागलं, तर हजार लिटरला २ लिटर, हा हिशेब. व्हेंचुरीतून सोडा आणि सर्वांत लांबच्या ड्रिपरखाली कागद धरून बघा. तिथेही ४ आला की पंप बंद करून चोवीस तास तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग नळ्यांची टोकं चार-पाच करून सोडा. सगळी एकदम सोडली तर दाब पडतो आणि गाळ आतच राहतो.

आम्ल नेहमी पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीच नको. हातमोजे आणि चष्मा घाला. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर ती वेगळ्या दिवशी, संच धुऊन झाल्यावरच. आम्लाशी गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

धुतलेल्या नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा आणि सावलीत उंचावर टांगा. जमिनीवर ठेवल्या तर उंदीर कुरतडतात.

तुमचा बोअर अजून पाणी देत असेल, तर हे काम याच आठवड्यात उरकून घ्या.