खिडकीतले झाड आणि पुराव्याची पारख

'खिडकीतून झाड दिसले की रुग्ण लवकर बरा होतो,' असे आपण ऐकतो. याचे मूळ रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना वेदनेची कडक औषधेही कमी लागली.

पण रुग्ण मोजके आणि रुग्णालय एकच. हा अभ्यास दिशा दाखवतो, हमी देत नाही. म्हणून वस्तीत दवाखाना बांधताना कुणी 'संशोधन सांगते' म्हणाले, तर आपण विचारू: अभ्यास कुठे झाला? किती रुग्णांवर? इतरांनी पडताळला का? खर्च कुणी केला? झाड हवेच, पण नर्सताईंच्या पगाराचा पैसा बागेत जाऊ नये.