पाळीव मांजराच्या वर्तनातील आकस्मिक बदल

पाळीव मांजराच्या खाण्यापिण्यात, झोपेत, आवाजात, मलमूत्र विसर्जनाच्या सवयीत किंवा माणसांशी व इतर मांजरांशी वागण्यात काही तासांत अथवा काही दिवसांत ठळकपणे दिसू लागणाऱ्या फरकास वर्तनातील आकस्मिक बदल असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. पशुवैद्यकात असा बदल प्रथम शारीरिक आजाराचे चिन्ह मानून तपासला जातो आणि आजार नाही असे ठरल्यावरच त्याचे कारण परिसरात किंवा स्वभावात शोधले जाते. घरोघरी मात्र हा क्रम बहुधा उलटा असतो. मांजर रुसले, हट्टी झाले किंवा सूड उगवते आहे असा अर्थ आधी लावला जातो आणि त्यात उपचाराचा वेळ निघून जातो.

वेदना लपविण्याची प्रवृत्ती

पाळीव मांजर हे आफ्रिकी रानमांजरापासून (फेलिस लिबिका) उत्पन्न झाले आहे. एकट्याने शिकार करणारा हा लहान प्राणी स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य ठरतो. तो कळपात राहत नाही. त्यामुळे दुखापत झाल्यास मदतीला येणारे कोणी नसते आणि दुबळेपणा उघड होणे जिवावर बेतू शकते. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरही दुखणे लपविण्याची ही प्रवृत्ती मांजरात टिकून आहे.

त्यामुळे वेदना होत असलेले मांजर सहसा ओरडत नाही. ते पलंगाखाली किंवा कपाटात जाऊन बसते, अंग चाटून स्वच्छ करणे सोडते किंवा उलट एकच जागा केस झडेपर्यंत चाटते, उचलून घेतल्यास गुरगुरते. चेहऱ्यावरून वेदना ओळखण्यासाठी कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक मापनपट्टी प्रसिद्ध केली. तीत कानांची ठेवण, डोळे मिचकावल्यासारखे बारीक होणे, तोंडाभोवतालचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. दहापैकी चार किंवा अधिक गुण आल्यास वेदनाशामक उपचाराचा विचार करावा लागतो.

अनेकदा बदल आकस्मिक नसतो, तो आकस्मिकपणे लक्षात येतो. सांध्यांची झीज हे याचे चांगले उदाहरण आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील सुमारे ९० टक्के मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांच्या झिजेची चिन्हे आढळली. अशी मांजरे कित्येक महिने उडीची उंची थोडी थोडी कमी करत असतात. ज्या दिवशी मांजर खिडकीत चढणेच सोडते, त्या दिवशी घरच्यांना ते एकाएकी आळशी झाल्यासारखे वाटते.

लघवीच्या जागेतील बदल

मांजराने नेहमीचा वाळूचा डबा सोडून गादीवर, धुण्याच्या कपड्यांवर किंवा न्हाणीघराच्या मोरीत लघवी करणे ही पालकांची सर्वांत सामान्य तक्रार आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही याच बाबतीत होतो. मूत्राशयाला दाह झालेल्या मांजराला लघवी करताना दुखते. ते दुखणे ज्या जागी झाले त्या डब्याशी जोडले जाते आणि मांजर दुसरी, बहुधा मऊ किंवा थंड जागा शोधते. यात सूड नाही.

तरुण व मध्यमवयीन मांजरांत अशा दाहाचे जंतुसंसर्ग किंवा खडा असे स्पष्ट कारण बऱ्याचदा सापडतच नाही. या विकाराचा ताणाशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात २० विकारग्रस्त आणि १२ निरोगी मांजरांचे ७७ आठवडे निरीक्षण करण्यात आले व त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. खाऊ घालण्याची वेळ चुकणे, देखभाल करणारी व्यक्ती बदलणे अशा घटना घडलेल्या आठवड्यांत उलटी होणे, कमी खाणे, डब्याबाहेर मलमूत्र करणे ही लक्षणे वाढत असल्याचे दिसून आले. आणि हे विकारग्रस्तांइतकेच निरोगी मांजरांतही घडले. ‘आजारी आहे की बिनसले आहे’ हा प्रश्न त्यामुळे नेहमी दोन निराळ्या उत्तरांचा राहत नाही. बिनसल्यामुळेही मांजर आजारी पडते.

बोक्याच्या बाबतीत हाच बदल प्राणघातक ठरू शकतो. नराचा मूत्रमार्ग टोकाकडे अतिशय अरुंद असतो आणि श्लेष्मा, पेशी व स्फटिक यांच्या गुठळीने तो पूर्ण बंद होऊ शकतो. असा बोका वारंवार डब्यात जातो, बराच वेळ बसून कुंथतो, लघवीचा एखादा थेंब येतो किंवा तोही येत नाही. तो मूत्रद्वार सारखे चाटतो. पोटाला हात लावू देत नाही. बद्धकोष्ठ झाले असावे असे समजून त्याला तूप किंवा एरंडेल पाजणे ही नेहमी होणारी चूक आहे. मार्ग पूर्ण बंद झाल्यास २४ ते ४८ तासांत रक्तात उत्सर्ज्य द्रव्ये साठल्याची लक्षणे दिसू लागतात. मांजर मलूल होते, उलट्या करते, आणि रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची गती मंदावते. उपचाराअभावी काही दिवसांतच मृत्यू ओढवतो. भूल देऊन नळीने मार्ग मोकळा करणे व शिरेतून द्रव देणे हा उपचार वेळेत झाल्यास बहुतेक बोके वाचतात. त्यामुळे लघवी होत नसलेल्या बोक्याला सकाळपर्यंत न थांबता रात्रीच दवाखान्यात न्यावे लागते.

वृद्ध मांजरे

दहा वर्षांवरील मांजर अचानक अधिक खाऊ लागले, तरीही वाळत गेले, रात्री घरभर फिरून ओरडू लागले, तर अवटू ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेची शंका घेतली जाते. मांजरांतील या विकाराचे वर्णन प्रथम १९७९ मध्ये झाले. या विकारातील मांजर तरतरीत दिसते, म्हणून म्हातारपणी ते पुन्हा तरुण झाले असे कौतुकही होते. या विकारात आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात रक्तदाब वाढतो. वाढलेल्या दाबाने डोळ्यातील दृष्टिपटल सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. भिंतीला धडकणे, जागीच बसून राहणे, बाहुल्या मोठ्या दिसणे ही त्याची चिन्हे आहेत. वार्धक्यात मेंदूच्या झिजेमुळेही दिशाभूल व रात्रीचे ओरडणे आढळते, परंतु वरील विकार नाहीत याची खात्री झाल्याखेरीज ते निदान करत नाहीत.

मागचे पाय एकाएकी लुळे पडणे, पंजे गार लागणे व मांजराने किंकाळ्या फोडणे हे हृदयविकारातून निर्माण झालेली रक्ताची गुठळी धमनीत अडकल्याचे लक्षण असू शकते. वेदना लपविणाऱ्या मांजरालाही ही वेदना लपविता येत नाही.

आक्रमकता

दातदुखी, सांधेदुखी किंवा गळू यांमुळे शांत मांजर चावरे होऊ शकते. शरीर निरोगी असताना होणारा हल्ला पुष्कळदा वळलेला राग असतो: खिडकीबाहेर परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि जवळून जाणाऱ्या माणसाचा किंवा घरातील दुसऱ्या मांजराचा पाय सापडतो. बोका निघून जातो. घरच्यांना दिसतो तो केवळ विनाकारण हल्ला. ही उत्तेजना कित्येक तास, क्वचित काही दिवस टिकते. त्या काळात मांजराला कुशीत घेऊन समजूत घालण्याचा प्रयत्न न करता त्याला अंधाऱ्या, शांत खोलीत एकटे सोडणे योग्य ठरते. दोन मांजरांपैकी एक दवाखान्यातून परतल्यावर दुसरे त्याच्यावर फिसकारते, कारण परतलेल्या मांजराला ओळखीचा वास राहिलेला नसतो. मांजरे एकमेकांना डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक ओळखतात.

भारतात अकारण आक्रमकतेच्या संदर्भात रेबीजचा विचार अपरिहार्य आहे. येथे माणसांना हा रोग मुख्यतः कुत्र्यांपासून होतो, तरी मांजरेही पिसाळतात आणि लस न दिलेले, बाहेर हिंडणारे मांजर संशयास्पद मानले जाते. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. मांजरावर १० दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत असली, तरी त्या मुदतीच्या अखेरीची वाट पाहत माणसाची लस लांबविली जात नाही.

रोग नसलेले बदल

निर्बीजीकरण न झालेली मांजरी माजावर आली म्हणजे रात्रंदिवस मोठ्याने ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग उचलून धरते. प्रथमच पाहणाऱ्यास तिला असह्य वेदना होत असाव्यात असे वाटते. अंगणात उगवणाऱ्या खोकली या वनस्पतीच्या मुळांच्या वासानेही काही मांजरे लोळू लागतात. हा परिणाम थोड्या वेळात ओसरतो.

मांजर माणसाला नव्हे तर घराला धरून राहते, या लोकसमजुतीत तथ्य आहे. घर बदलणे, रंगकाम, फर्निचर हलविणे, नवे बाळ किंवा नवा प्राणी येणे यांमुळे परिचित वासांचा परिसर मोडतो. मांजराला ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे. दिवाळीच्या फटाक्यांच्या काळात मांजर दोन-दोन दिवस लपून राहते त्यात नवल नाही. मात्र लपलेल्या मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर उपासामुळे, विशेषतः लठ्ठ मांजरांत, यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो.

घरगुती उपचारांचे धोके

मलूल मांजराला माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देणे घातक आहे. हे औषध निरुपद्रवी करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात अत्यंत दुर्बल असते, त्यामुळे गोळीचा लहान तुकडाही जीव घेऊ शकतो. हिरड्या तपकिरी दिसणे, चेहरा व पंजे सुजणे ही त्या विषबाधेची लक्षणे होत. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यास त्याला कंप व झटके येतात. लिलीच्या फुलांचे परागकण चाटण्यात आले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

तपासणी

बदल कधी सुरू झाला, त्याआधी घरात काय घडले, शेवटचे खाणे व लघवी केव्हा झाली ही माहिती निदानास उपयोगी पडते. दवाखान्यात मांजर भीतीने थिजून बसते आणि घरचे वागणे तेथे दिसत नाही, म्हणून मोबाइलवर केलेले चित्रण पुष्कळदा तोंडी वर्णनापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. लघवी व रक्ताच्या तपासणीबरोबर वृद्ध मांजराचा रक्तदाबही मोजला जातो. शिक्षा केल्याने ताण वाढून मूळ लक्षण बळावते. घरातील मांजरांच्या संख्येपेक्षा एक डबा अधिक ठेवणे, तो खाण्याच्या भांड्यापासून दूर असणे आणि उंचावर बसण्यास जागा देणे हे साधे उपाय औषधांच्या जोडीने सुचविले जातात.