सभासदांची यादी आणि सभासदाची अब्रू

माथेरानात हातरिक्षा ओढणाऱ्या श्रमिकांपुढे ‘खरा कामगार कोण?’ हा प्रश्न पोटाचा होऊन बसला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्यास सांगितले व खरे रिक्षाचालक ठरविण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीवर सोपविले.

कामगार-संघाच्या निवडणुकीतही हाच पेच पडतो. १९२६ च्या कायद्याने सभासदांची यादी संघाच्या कोणाही सभासदास पाहण्यास खुली ठेविली होती. कारण झाकलेल्या यादीत खोटी नावे सहज शिरतात. परंतु यादी उघडी म्हणजे घर उघडे नव्हे. नाव, परवाना व वर्गणीची नोंद एवढ्याने पात्रता ठरते. आधार-क्रमांक, दूरध्वनी वा आजार यांचे तेथे प्रयोजन नाही. यादी कार्यालयात वाचावी, नक्कल बाहेर जाऊ नये. आणि ज्याचे नाव गळले, त्यास मतदानापूर्वी दाद मिळावी. म्हणजे मतही शाबूत राहील व अब्रूही.