फिजिक्ससाठी कोल्हापूर का नको?

एमएस्सी फिजिक्स करायचं तर पुणे-मुंबईच गाठायला हवी, हा समज मला पटत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, आणि तिथला फिजिक्स विभाग थिन फिल्मच्या संशोधनासाठी ओळखला जातो. अशी पातळ फिल्म बनवण्याच्या रासायनिक पद्धतीत काचेची पट्टी बीकरमधल्या गरम द्रावणात उभी ठेवतात आणि तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर हळूहळू चढतो. महागडं व्हॅक्यूम यंत्र लागतच नाही. थर पोपडे धरून का सुटला, हे मात्र विद्यार्थ्यालाच शोधावं लागतं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. मोठ्या उपकरणांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण अशी उपकरणं असलेलं इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. प्रवेश ठरवण्याआधी एकदा कोल्हापूरच्या प्रयोगशाळा बघून या.