दम्याचं औषध ग्लुटेनमुक्त आहे का? असं तपासा

घरात कुणाला सेलिअॅक आजार असल्याचं निदान झालं, की सर्वात आधी स्वयंपाकघर बदलतं. गव्हाच्या चपातीऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी येते, रव्याच्या उपम्याची जागा पोहे घेतात, बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर वाचायची सवय लागते. मग एक दिवस नजर औषधांच्या डब्याकडे जाते. त्याच व्यक्तीला दमाही असेल, तर प्रश्न पडतो की रोजच्या पंपात, गोळीत किंवा सिरपमध्ये गहू तर नसेल ना?

प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र उत्तर मिळेपर्यंत औषध बंद ठेवू नका. दम्याचा पंप थांबवला तर अॅटॅक येऊ शकतो आणि हा धोका गोळीतल्या संभाव्य ग्लुटेनपेक्षा कितीतरी मोठा आहे. औषध चालू ठेवा आणि तपासणी क्रमाने करा.

औषधात ग्लुटेन येतं कुठून?

ग्लुटेन हे गहू, जव म्हणजेच सातू आणि राय या धान्यांमधलं प्रथिन आहे. राय हे गव्हासारखं धान्य आहे, मोहरी नव्हे. सेलिअॅक आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, म्हणून ते आयुष्यभर टाळावं लागतं.

दम्यावरच्या मूळ औषधात ग्लुटेन नसतं. पण गोळीला आकार यावा, ती पोटात नीट विरघळावी, यासाठी तिच्यात इतर पदार्थ घालतात. त्यातला एक म्हणजे स्टार्च. तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, क्वचित गव्हाचाही असू शकतो.

याचं प्रमाण किती असतं? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, 2017 मध्ये याबाबत मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला. गव्हाचा स्टार्च वापरलेल्या गोळीतही साधारण 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा त्यातला अंदाज आहे. आता तुलना करा. भारतात ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेल्या खाद्यपदार्थात एका किलोला 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालतं. म्हणजे अशा पदार्थाच्या 30 ग्रॅममध्ये ते 0.6 मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं. त्यामुळे एका गोळीने घाबरून जायचं कारण नाही. पण दिवसाला तीन-चार गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतील, तर माहिती करून घेणं चांगलं.

पंप, रोटाकॅप आणि नेब्युलायझर

इथे चिंता सर्वात कमी आहे. दाबून फवारा घ्यायच्या पंपात औषध आणि ते बाहेर ढकलणारा वायू असतो, काहींमध्ये थोडं अल्कोहोल. यात पिठाचं काही काम नसतं.

कोरडी पूड ओढायच्या औषधात, उदाहरणार्थ रोटाकॅपमध्ये, औषधासोबत बहुधा लॅक्टोज असतं. ही दुधातली साखर आहे, तिचा गव्हाशी संबंध नाही. सेलिअॅकचं नुकतंच निदान झालेल्या अनेकांना काही काळ दूध पचत नाही, पण पुडीतलं लॅक्टोज अगदी काही मिलिग्रॅम असल्याने त्याचा सहसा त्रास होत नाही. मात्र दुधातल्या प्रथिनाची तीव्र अॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

नेब्युलायझरमधली औषधं पाण्यासारख्या द्रावणात असतात, त्यांना स्टार्चची गरज नसते.

गोळ्या आणि सिरप

खरी तपासणी इथे करायची. माँटेलुकास्ट, लिव्होसेट्रिझिनसोबतची त्याची जोडगोळी, थिओफिलिन, प्रेडनिसोलोन ही औषधं अनेक कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीचे भराव्याचे पदार्थ वेगळे असू शकतात. पाकिटावर पुष्कळदा फक्त ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘इतर पदार्थ, गरजेपुरते’. त्यातून काही कळत नाही.

आतल्या माहितीपत्रकात यादी असेल, तर ती अशी वाचा:

• मेझ स्टार्च, कॉर्न स्टार्च, पोटॅटो स्टार्च: चालेल.
• लॅक्टोज, सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट: यांचा ग्लुटेनशी संबंध नाही.
• माल्टोडेक्स्ट्रिन: नावात माल्ट असलं तरी हे माल्ट नव्हे, साधारणपणे मक्यापासून बनतं.
• नुसतं ‘स्टार्च’, ‘प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च’ किंवा ‘सोडियम स्टार्च ग्लायकोलेट’: कशापासून बनवलं ते विचारा.
• व्हीट स्टार्च किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट: डॉक्टरांशी बोलून दुसरा ब्रँड घ्या.

कंपनीला नेमकं काय विचाराल?

‘हे औषध ग्लुटेन फ्री आहे का?’ असं विचारलं, तर ‘आम्ही तशी चाचणी करत नाही’ एवढंच उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी विचारा, ‘या औषधात गहू, जव किंवा राय यांपासून बनवलेला कोणताही घटक आहे का? स्टार्च असेल तर तो कशाचा आहे?’ खोक्यावरच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ईमेलवर औषधाचं पूर्ण नाव, किती मिलिग्रॅमची गोळी आणि बॅच नंबर कळवा. उत्तर लेखी मागा आणि मोबाइलमध्ये जपून ठेवा.

केमिस्टने ‘तेच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी स्ट्रिप दिली, तर पुन्हा विचारावं लागेल. मूळ औषध तेच असलं, तरी भरावा बदललेला असू शकतो. डॉक्टरांना चिठ्ठीवरच ‘सेलिअॅक’ असं लिहायची विनंती करा.

गोळीसोबत काय जातं?

अनेकदा गोळी निर्दोष असते आणि ग्लुटेन दुसऱ्याच वाटेने पोटात जातं. मुलांना गोळी कुस्करून शिऱ्यात किंवा बिस्किटात लपवून देऊ नका. केळ्यात किंवा मधात देता येईल, पण ती कुस्करलेली चालते का, हे आधी विचारा. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. माल्ट घातलेली दुधाची पावडर जवापासून बनते, तीही टाळा. खोकल्यासाठी किंवा पोटासाठी घरचं चूर्ण घेत असाल तर त्यातला हिंग पाहा. बाजारातल्या पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

डॉक्टरांना हेही सांगा

सेलिअॅकमध्ये कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. दुसरीकडे, स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात. दोन्ही आजार एकाच व्यक्तीला असतील, तर हाडांची तपासणी कधी करायची हे नक्की विचारा. स्टिरॉइडच्या गोळ्या रोज चालू असतील, तर त्या मनाने अचानक बंद करू नका. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.

पथ्य पाळूनही पोटाचा त्रास होत असेल, तर लगेच दम्याच्या औषधाला दोष देऊ नका. सर्व औषधांची यादी आणि दोन आठवड्यांच्या जेवणाची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि श्वास लागला, छाती घरघरू लागली, तर डॉक्टरांनी सांगितलेला आराम देणारा पंप लगेच घ्या. त्याने बरं वाटलं नाही, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.