शपथ आणि हिशेब



निवडणुकीच्या वेळी ख्रिस्ती धर्मसंस्था मतदारांना काय सांगतात, हा विषय मंडणगडच्या व्याख्यानमालेत कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. आपल्यापैकी बहुतेकांनी चर्चची पायरी कधी चढलेली नसेल. तरीही या विषयाचा एक धागा आपल्याच खाडीच्या काठी सापडतो. १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे गेले. पुढे १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले धर्मोपदेशक या इलाख्यात आले आणि त्यांनी कामाला आरंभ केला तो बाणकोटला. धर्मोपदेशाबरोबर त्यांनी शाळा काढल्या. ज्याने वाचायला शिकवले, त्यानेच काय वाचायचे हेही ठरवून द्यावे काय, हा प्रश्न तेव्हाचा. ज्याने मत द्यायला सांगितले, त्यानेच ते कोणाला द्यायचे हेही सांगावे काय, हा आजचा. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे आणि तो प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही.

प्रथम या धर्मसंस्था काय सांगतात ते पाहू. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील कॅथॉलिक धर्मप्रांताची सामाजिक न्याय व शांती परिषद निवडणुकीच्या तोंडावर मतदारांसाठी निवेदने काढते. त्यांचा मथितार्थ साधा असतो. मत देणे हे कर्तव्य आहे. पैसा, दारू, भेटवस्तू घेऊन मत विकू नका. भ्रष्टाचारी आणि समाजात दुही माजवणाऱ्या उमेदवाराला दूर ठेवा. जमीन, पाणी, डोंगर यांबाबत उमेदवार काय करणार, ते त्याला विचारा. २०१८ साली गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांनी आपल्या वार्षिक पत्रात, श्रद्धावंतांनी राजकारणाकडे पाठ फिरवू नये आणि राज्यघटना नीट समजून घ्यावी, असे आवाहन केले. त्यावर वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला.

या आवाहनांमागे एक तात्त्विक बैठक आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असे प्रतिपादन केले की, सर्वांच्या हितासाठी आपले मत मोकळेपणाने वापरणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. मात्र त्याच चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मगुरूंवर एक बंधन घातले आहे. राजकीय पक्षात आणि कामगार संघटनेच्या कारभारात त्यांनी सक्रिय भाग घेऊ नये. वरिष्ठांच्या मते चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी तसे करणे आवश्यक असेल, तर तेवढा अपवाद. आमच्या संघटनांना पक्षांच्या पंगतीला बसवलेले पाहून मला प्रथम हसू आले. पण विचार करता त्यातले शहाणपण पटले. ज्याच्या शब्दामागे देव उभा आहे असे लोक मानतात, त्याने सत्तेच्या खुर्चीपासून चार हात दूर असावे, हे सर्वांच्याच हिताचे.

आपला कायदा काय म्हणतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम निवडणुकीतील भ्रष्ट आचारांविषयी आहे. लाच हा भ्रष्ट आचार, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच कलमात गैरवाजवी दडपणाचाही समावेश आहे. आणि अमक्याला मत दिले तर देवाचा कोप होईल, असे उमेदवाराच्या बाजूने मतदाराच्या मनावर बिंबवणे हे दडपणच समजले जाते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे रामदयाळ विरुद्ध संतलाल हा खटला आला. पंजाबातील सिरसा मतदारसंघात नामधारी पंथाच्या गुरूंनी एका उमेदवाराला मत देण्याविषयी अनुयायांना हुकूम काढला होता. न्यायालयाने जी रेघ ओढली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. धर्मगुरू हाही नागरिक आहे. उमेदवारांच्या गुणदोषांविषयी मत सांगण्याचा, प्रचार करण्याचाही त्याला अधिकार आहे. परंतु आज्ञा मोडलीस तर तुझे पारलौकिक नुकसान होईल, अशा धाकाने जर त्याने अनुयायाला निवडीला जागाच ठेवली नाही, तर तो कायद्याचा भंग होय. निवडून आलेल्या उमेदवाराची निवडणूक त्यापायी रद्द झाली. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने आणखी एक निर्णय दिला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्म, जात, भाषा यांच्या नावानेही मते मागणे त्याने निषिद्ध ठरवले.

तेव्हा सल्ला आणि हुकूम यांच्यामध्ये रेघ आहे. मात्र प्रत्यक्षात ती नेहमीच इतकी ठळक दिसत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरात विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी गांधीनगरच्या आर्चबिशपांनी पत्र लिहून, राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. निवडणूक अधिकाऱ्यांनी त्यांना खुलासा मागणारी नोटीस दिली. मे २०१८ मध्ये दिल्लीच्या आर्चबिशपांनी देशातील वातावरण अस्वस्थ असल्याचे सांगून, पुढील निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून दर शुक्रवारी उपवास आणि प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्यावरही वाद झाला. या पत्रांत कोणाचे नाव नव्हते. परंतु नाव न घेताही बोट दाखवता येते, ही टीकाकारांची तक्रार होती. उलट, संकट दिसत असता धर्मगुरूने मौन पाळावे काय, हा दुसऱ्या बाजूचा सवाल होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून केवळ पत्र वाचून भागत नाही. पत्रापूर्वी आणि पत्रानंतर ती संस्था लोकांमध्ये काय करते, हे पाहावे लागते.

आपल्या मराठी मुलखात वसईचे उदाहरण आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वसईत जमिनी बळकावणे, टँकरने होणारा पाण्याचा बेसुमार उपसा आणि गुंडगिरी यांनी लोक भयभीत झाले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लोकांना रस्त्यावर आणले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले हे धर्मगुरू २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणून अनेकांना ते साहित्यिक म्हणून परिचित आहेत. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चळवळीतून मला एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. जेथे माणूस आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायला भितो, तेथे तो मतपत्रिकेपुढे निर्भय होईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शांततामय निवडणूक ही मतदानाच्या दिवशी पोलीस बंदोबस्ताने घडत नाही. आधीची पाच वर्षे लोक किती निर्भयपणे बोलू शकले, यावर ती अवलंबून असते.

जगाकडे पाहिले तर आफ्रिकेतील दोन देश यासंबंधी दोन धडे देतात. मलावी हा देश १९६४ साली स्वतंत्र झाला. तेथील प्रेस्बिटेरियन चर्चही बाणकोटला आलेल्या मिशनप्रमाणे स्कॉटलंडच्याच मिशनकार्यातून वाढलेले. राष्ट्राध्यक्ष बांडा यांनी स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतले होते आणि पक्ष एकच होता. ८ मार्च १९९२ रोजी देशभरच्या कॅथॉलिक चर्चमधून बिशपांचे एक पत्र वाचून दाखवण्यात आले. गरीब-श्रीमंतांतील अंतर, शाळांची आणि दवाखान्यांची दुर्दशा, लोकांना बोलू न देणे, यांविषयी त्यात स्पष्ट लिहिले होते. बिशपांना ताब्यात घेऊन त्यांची चौकशी झाली. परंतु प्रेस्बिटेरियन चर्चही पुढे आले आणि वाटाघाटींना तोंड फुटले. १४ जून १९९३ रोजी सार्वमत झाले. जवळजवळ ६५ टक्के मतदारांनी अनेक पक्षांच्या राज्यपद्धतीला कौल दिला आणि १७ मे १९९४ च्या निवडणुकीत सत्ता मतपेटीतून बदलली. बिशपांनी पर्यायी नेता सुचवला नव्हता. लोक घरात जे कुजबुजत होते, ते त्यांनी उघड्यावर मांडले, एवढेच.

केनियात याच्या उलट झाले. २७ डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर निकालावरून दंगली उसळल्या आणि हजाराहून अधिक माणसे मेली. एल्डोरेट शहराजवळ एका चर्चमध्ये आसऱ्याला आलेली माणसे चर्चसकट जाळली गेली. पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये तेथील चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने जाहीर कबुली दिली की, आम्हीच पक्षपाती झालो होतो, म्हणून संकटाच्या वेळी आम्हाला समाजाला आवर घालता आला नाही. ज्या पंचाने सामन्यात एका बाजूने खेळायला घेतले, त्याची शिट्टी भांडणाच्या वेळी कोण ऐकणार? ही कबुली मला त्या सर्व पत्रांहून मोलाची वाटते.

इथवर आपण दुसऱ्यांविषयी बोललो. आता घरचे पाहू. आपल्या कोकणात चर्चची पत्रे येत नाहीत. आपल्याकडे नारळ येतो. निवडणुकीच्या आधी वाडीची बैठक होते, गावकी ठरवते, मुंबईच्या मंडळाचा निरोप येतो, आणि मग ग्रामदेवतेच्या देवळात नारळावर हात ठेवून सर्वांकडून शपथ घेतली जाते. याला आपण एकजूट म्हणतो. परंतु शपथ मोडलीस तर देव बघून घेईल, या धाकाने मत बांधून घेणे आणि सिरसाचा तो हुकूम, यांत फरक तो कोणता?

मी हे बोटे मोडून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कामगार संघटनेच्या अंतर्गत निवडणुकीत आमचा गट पडेल अशी चिन्हे होती, तेव्हा मी स्वतः सभासदांना देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावला. त्याच रात्री एक वयस्कर कामगार माझ्या घरी आला. म्हणाला, ‘भाऊ, तुमच्या माणसापेक्षा तो समोरचा माणूस मला सरळ वाटतो. पण मी हात ठेवून बसलोय. नातवंडांना काही झालं तर? मला तेवढं मोकळं करा.’ त्याला मोकळे करण्याचा अधिकार मला आहे, असे त्याला वाटत होते. मला तो नव्हता, आणि बांधण्याचाही नव्हता. मी त्याला चार गोड शब्द सांगून परत पाठवले. आमचा गट निवडून आला. दोन वर्षांनी निधीचा हिशेब चुकलेला निघाला तेव्हा प्रश्न विचारायला कोणी उठला नाही, कारण प्रश्न विचारणे म्हणजे शपथ मोडणे, असे आम्हीच त्यांना शिकवले होते.

शपथेने मतदार बांधला जातो. पुढारी बांधला जात नाही. याचा ढळढळीत पुरावा गोव्यातच मिळाला. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात जाऊन, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ घेतली. तीन धर्मांचे देव साक्षीला होते. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्या पक्षाच्या अकरा आमदारांपैकी आठ जण भारतीय जनता पक्षात गेले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात दोनतृतीयांश सदस्यांना विलीनीकरणाची जी वाट आहे, तिने ते गेले. कायद्याला वाट होती, शपथेला जीभ नव्हती, आणि मतदाराला पाच वर्षे थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मग जबाबदार नेतृत्व निर्माण होते कशाने? आमच्या चळवळीतील उत्तर रूक्ष आहे. ते वार्षिक सभेने, जमाखर्चाच्या वहीने आणि गुप्त मतदानाने होते. सभासदाने हिशेब मागितला तर कार्यकारिणीने रागावू नये आणि न मागितला तरी द्यावा, ही सवय लागते तेथे संघटना टिकते. सार्वजनिक जीवनातही साधने आहेत. २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागते. ते वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही. ग्रामसभा भरतात, तेथे जाऊन आपण सही करतो आणि चहा घेऊन परततो. आपण कोणाला मत दिले हे कोणालाही सांगण्याची सक्ती नाही, देवळातही नाही, हे आपण घरातल्या बायामाणसांना अजून सांगितलेले नाही.

याच तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मोक्षाची वाट असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा जसा पुढाऱ्याच्या भक्ताला आहे, तसाच धर्मगुरूच्या, गावकीच्या आणि कामगार पुढाऱ्याच्याही भक्ताला आहे. चर्च असो, देऊळ असो, मशीद वा विहार असो, त्यांनी मतदाराला जरूर सांगावे की मत विकू नको, भिऊ नको, शेजाऱ्याशी वैर धरू नको. एवढे सांगून त्यांनी मतदान केंद्राच्या दाराशी थांबावे. आत माणूस एकटा जातो.

तो वयस्कर कामगार आज हयात नाही. त्या रात्री त्याला द्यायचे उत्तर आज येथे देतो. काका, देव तुमच्यावर रागावणार नव्हता. हिशेब मी द्यायचा होता, तुम्ही नव्हे. पुढच्या वेळी कोणी नारळ घेऊन आपल्या दारी आला, तर नारळ देवाला वाहा आणि आलेल्या माणसाला गेल्या पाच वर्षांचा जमाखर्च विचारा.