सायकलींचे शहर

पुण्यास एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत असत, हे विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकले असेल. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींनी रस्ता भरून जाई. प्राध्यापक, कारकून, शाळकरी मुली, सर्वांचे वाहन तेच. ज्यांच्यापाशी स्वतःची नसे त्यांना ती तासाच्या भाड्याने मिळे. सायकलीस पालिकेचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे दुसरा बसलेला दिसला की पोलीस अडवीत. शहर आटोपशीर होते, हवा थंड होती आणि मोटारी थोड्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारची सुटी साधून आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी पुण्यास जाऊन आलो. कर्वेनगरात श्री. विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बी.एस.ए.ची घडीची सायकल आहे. हाताने फिरविण्याचे दोन नट सैल केले की तिचा सांगाडा मधोमध दुमडतो. त्या काळच्या कार्बाइडच्या दिव्याचीही गोष्ट मुलांना सांगितली. वरच्या कप्प्यातील पाणी थेंबाथेंबाने कार्बाइडवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे व तो जळून लख्ख उजेड होई.

बाहेर पडल्यावर मुलांनीच विचारले, “मग एवढ्या सायकली गेल्या कोठे?” १९७२ साली लूना आली, मागोमाग स्कूटरी वाढल्या, शहर चहूकडे पसरले. रस्ते रुंद झाले ते मोटारींसाठी. सायकलमार्ग आखले गेले खरे. परंतु आम्ही पाहिलेला एक मार्ग मध्येच उभ्या गाड्यांपाशी संपत होता. २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला.

सायकलीस सपाट भूमी हवी, असे म्हणतात. ते अर्धेच खरे. आम्ही कोकणी बोलणारे. गोव्याच्या चढउतारांवरून पहाटे पावाची टोपली बांधून, भोंगा वाजवीत येणारा पोदेर सायकलीवरच येतो. आणि हॉलंड तर ताटासारखे सपाट, तरी तेथेही मोटारींपुढे सायकल मागे हटू लागली होती. १९७१ साली त्या लहानशा देशात चारशेहून अधिक मुले रस्त्यावरील अपघातांत मृत्यू पावली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मुलेही उतरली. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारी बंद ठेवण्यात आल्या. मोकळ्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन निघाले. पुढे वेगळे मार्ग बांधले गेले, वस्त्यांतील मोटारींचा वेग कमी करण्यात आला. २०१९ साली पूर्ण झालेल्या उत्रेख्त स्थानकाच्या तळघरात साडेबारा हजार सायकली राहू शकतात! तेथील मुले प्राथमिक शाळेतच रहदारीची परीक्षा देतात.

आपले इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, चढण नावापुरती. तरीही सायकल देण्यास पालक कचरतात, आणि त्यांचे भय खोटे नाही. सहलीहून परतल्यावर नववीच्या वर्गाने घरापासून शाळेपर्यंतच्या वाटांचा नकाशा काढावयास घेतला आहे. जो चौक ओलांडताना भीती वाटते, तेथे तांबडी खूण करावयाची असे ठरले. पहिली खूण शाळेच्या फाटकासमोरच पडली.